नाममात्र भागीदार

व्यापारी घरांना भागीदारीचे प्रकार समजावून सांगावे लागत नाहीत. भांडवल घालून रोज गादीवर बसणारा भागीदार वेगळा आणि भांडवल घालून घरी राहणारा वेगळा. या दोघांखेरीज एक तिसराही असतो. त्याचे भांडवल नसते, कारभारात त्याचा शब्द चालत नाही, नफ्यात त्याचा वाटा नसतो. केवळ त्याचे नाव पेढीच्या पाटीवर असते. त्याला नाममात्र भागीदार म्हणतात. त्याची खरी अडचण पुढेच आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २८ नुसार, ज्याने भागीदार म्हणून आपले नाव वापरू दिले, त्याच्या नावावर विसंबून कोणी पेढीला उधारी दिली, तर ती फेडण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. वाटा नफ्यात नाही, पण तोट्यात आहे.

हिंदी चित्रपटांत आणि दूरचित्रवाणी मालिकांत अल्पसंख्य समाजांची जी पात्रे दिसतात, त्यांतील बहुतेकांची स्थिती नेमकी अशीच आहे. अल्पसंख्य हा शब्द येथे केवळ धर्मापुरता घ्यावयाचा नाही. प्रांत आणि भाषा यांच्यामुळे पडद्यावर संख्येने थोडे ठरलेलेही त्यात येतात. एक मुसलमान मित्र, एक ख्रिस्ती शेजारीण, एक सरदारजी, एक दाक्षिणात्य, एखादा पारशी अशी नावे कथेच्या पाटीवर लावली जातात. कथानकाचा नफा, म्हणजे प्रेम, पराक्रम, निर्णय आणि पश्चात्ताप, नायकाच्या खात्यावर जमा होतो. पण त्या पात्राच्या चित्रणात काही उणे राहिले, तर ते त्या पात्रापुरते राहत नाही; ते संपूर्ण समाजाच्या नावे पडते. नायक मूर्ख निघाला तर प्रेक्षक म्हणतो, हा माणूस मूर्ख आहे. सरदारजी मूर्ख निघाला तर प्रेक्षक म्हणतो, हे लोक असेच असतात.

ओळखीच्या चौकटी

मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) हा सलोख्याचा चित्रपट म्हणून ओळखला जातो आणि तो हेतू खोटा नाही. एकाच घरातील तीन मुले ताटातूट होऊन तीन धर्मांच्या छायेत वाढतात आणि शेवटी एकत्र येतात. तिघांनाही पडद्यावर भरपूर वेळ मिळतो, म्हणून यातील कोणालाही नाममात्र म्हणता येणार नाही. तरीही तिघांचे व्यवसाय पाहावेत. अमर पोलीस निरीक्षक आहे, अकबर कव्वाली गातो, अँथनी दारूचा गुत्ता चालवतो. कायदा एकाच्या हाती, गाणे दुसऱ्याच्या ओठी आणि मद्य तिसऱ्याच्या टेबलावर. ही वाटणी देसाईंनी शोधलेली नव्हे. ती आधीपासून चालत आलेली होती. त्यांनी ती केवळ अतिशय गोड करून मांडली.

मुसलमान पात्रांची चौकट बराच काळ अशी होती: लखनौची हवेली, शेरवानी, मुशायरा, पडदा आणि कोठा. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) आणि ‘पाकीज़ा’ (१९७२) हे त्या चौकटीतील लोकप्रिय चित्रपट. त्यांचे संगीत आणि देखणेपण कोणी नाकारणार नाही. परंतु भिवंडीचा मागवाला, मुरादाबादचा पितळी भांड्यांचा कारागीर, मोहम्मद अली रोडवरचा घाऊक व्यापारी या चौकटीत कोठेच बसत नव्हते. ज्या मुसलमानांशी व्यापारी घरांचा रोजचा देण्याघेण्याचा संबंध होता, तेच पडद्यावर नव्हते.

चौकट मोडली की चांगुलपणाची दुसरी चौकट येते. ‘शोले’ (१९७५) मधील अंध इमामसाहेब आठवावेत. ए. के. हंगल यांनी ही भूमिका अशी केली की पन्नास वर्षांनंतरही ती लोकांच्या स्मरणात आहे. नोकरीसाठी परगावी निघालेला त्यांचा मुलगा अहमद मारला जातो. ती भूमिका सचिन पिळगावकर यांनी केली होती. म्हातारा बाप आपले दुःख गिळून गावाला धीर देतो. प्रसंग थोर आहे. तरी एक प्रश्न उरतो. या माणसाला गावावर रागावण्याची मुभा कथेने ठेवली आहे काय? मुलगा गेल्यावर ज्याने संतापून चार कठोर शब्द बोलावेत, त्याच्याकडून कथा केवळ त्याग मागते. अल्पसंख्य पात्र वाईट दाखवू नये म्हणून ते निर्दोष दाखवायचे, ही सोय दिसायला आदराची असते. पण ज्याला चुकण्याचा हक्क नाही, त्याला माणूसपणाचाही पुरता हक्क मिळालेला नसतो.

ख्रिस्ती पात्रांना दारूची बाटली आणि झगा, पारशांना जुनी मोटार आणि विक्षिप्तपणा, दाक्षिणात्यांना ‘अय्यो’ हा उद्गार, ही वाटणीही अशीच रूढ झाली. ‘पडोसन’ (१९६८) मधील मेहमूद यांचे मास्टर पिल्लै अजूनही हसवतात. पण त्या हास्यातील मोठा भाग केवळ उच्चारांवर उभा आहे. ईशान्य भारतातील माणूस तर बराच काळ या पाटीवर नावापुरताही नव्हता. मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांच्यावर २०१४ साली चित्रपट निघाला, तेव्हा त्यांची भूमिका प्रियांका चोप्रा यांना मिळाली. याउलट ‘चक दे! इंडिया’ (२००७) मध्ये मणिपूर आणि मिझोरमच्या खेळाडूंच्या भूमिकांसाठी ईशान्येकडच्याच मुली घेतल्या होत्या. आपल्याच देशात त्यांना पाहुण्यासारखी वागणूक मिळते, हेही त्या चित्रपटाने थोडक्यात पण स्पष्टपणे दाखवले.

विशेष म्हणजे हे सारे मुंबईत घडले आणि खुद्द मुंबईच्या मराठी माणसालाही हिंदी पडद्यावर हवालदार आणि धुणीभांडी करणारी बाई यांपलीकडे फारसे काम मिळाले नाही. गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मधील शशी गोडबोले म्हणूनच वेगळी वाटते. ती मराठी आहे, लाडू करून विकते आणि आपल्या उद्योगाला घरात कोणी उद्योग मानत नाही, हे तिला खुपते. तिचे मराठीपण नथीत किंवा उच्चारात नाही. ते तिच्या घरात आणि कामात आहे.

दोन भूमिका, एक नट

नाममात्र पात्र आणि खरे पात्र यांतील अंतर मोजायचे असेल, तर व्यापारी प्रेक्षकाने एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ (१९७३) अवश्य पाहावा. त्याचा नायक सलीम मिर्झा आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार आहे. भूमिका बलराज साहनी यांची, मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आज़मी आणि शमा ज़ैदी यांची. फाळणी झालेली आहे. भाऊ पाकिस्तानात गेला आहे. सलीम मिर्झांना जायचे नाही. त्यांचा धंदा येथे आहे, माणसे येथे आहेत, आईवडिलांच्या आठवणी येथे आहेत.

त्यांच्यावर पहिला घाव पडतो तो पतीवर. काही मुसलमान व्यापारी कर्ज न फेडताच सरहद्दीपलीकडे निघून गेले, म्हणून आता बँका आणि सावकार सलीम मिर्झांना कर्ज देण्यास कचरतात. वर्षानुवर्षांची उलाढाल, वेळेवर केलेली परतफेड, बाजारातील शब्द, हे सर्व एका बाजूला पडते आणि नाव दुसऱ्या बाजूला. कर्ज देणाऱ्याने माणसाचे खाते पाहायचे असते; येथे त्याच्या जमातीचे खाते पाहिले जाते. ज्यांनी पेढी चालवली आहे, त्यांना या प्रसंगाची धार वेगळी सांगावी लागणार नाही. पत गेली की भांडवल असूनही व्यापारी उघडा पडतो.

पुढे वडिलोपार्जित हवेली भावाच्या नावावर असल्याने निर्वासितांची मालमत्ता ठरून हातची जाते. ती ज्याच्याकडे येते तो अजमानी हा सिंधी व्यापारी. तोही घरदार सोडून आलेला. चित्रपटाने त्याला खलपुरुष केलेले नाही. दोन व्यापारी एकमेकांची अवस्था ओळखतात आणि त्यांच्यात सौजन्य राहते. अजमानींची भूमिका केली आहे ए. के. हंगल यांनीच. एकाच नटाच्या या दोन भूमिका शेजारी ठेवल्या, की मुद्दा स्पष्ट होतो. इमामसाहेब गावाला धीर देण्यासाठी कथेत आहेत. अजमानींना मात्र स्वतःचे नुकसान आहे, स्वतःची गरज आहे, स्वतःची लाजही आहे. नट तोच, योग्यता तीच. फरक आहे तो लेखकाने दिलेल्या वाट्याचा.

हेही लक्षात घ्यावे, की वाटा म्हणजे लांबी नव्हे. अडीच तासांत प्रत्येकाला न्याय कसा द्यायचा, असे चित्रपटवाले विचारतात. त्याचे उत्तर हृषीकेश मुखर्जी यांनी ‘अनाड़ी’ (१९५९) मध्ये देऊन ठेवले आहे. ललिता पवार यांनी साकारलेल्या मिसेस डिसा या ख्रिस्ती घरमालकीण मुख्य पात्र नाहीत. त्या भाडेकरूवर ओरडतात आणि त्याच्यावर पोटच्या मुलाप्रमाणे मायाही करतात. नायक ज्या मालकाकडे नोकरी करतो, त्याच्या कंपनीचे सदोष औषध घेऊन त्यांचा मृत्यू होतो आणि तेथून साऱ्या कथेचा नैतिक प्रश्न उभा राहतो: माल सदोष आहे हे कळल्यावर व्यापाऱ्याने काय करावे? मिसेस डिसा कथेतून काढल्या, तर कथाच उरत नाही. दुय्यम पात्र असणे आणि नाममात्र पात्र असणे यांत हा फरक आहे.

अलीकडचे दुसरे उदाहरण ‘रॉकेट सिंग: सेल्समन ऑफ द इयर’ (२००९) याचे. हरप्रीतसिंग बेदी हा बेताच्या गुणांनी बी.कॉम. झालेला शीख तरुण विक्रेत्याची नोकरी धरतो. लाच मागणाऱ्या ग्राहकाची तो लेखी तक्रार करतो आणि त्याबद्दल स्वतःच्याच कचेरीत अपमान सोसतो. पुढे तो जी छोटी कंपनी काढतो, तिच्यात चहा देणाऱ्या शिपायालाही भागीदार करून घेतो. त्याच्या पगडीवर विनोद नाही, त्याच्या बुद्धीवरही नाही. तो चुकाही करतो. मालकाच्याच कचेरीत बसून गुपचूप स्वतःचा धंदा चालवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न प्रेक्षकापुढे राहतो. चित्रपट फारसा चालला नाही. परंतु वाणिज्य शाखेच्या मुलांना दाखवावा असा तो आहे. नागेश कुकुनूर यांचा ‘इक़बाल’ (२००५) हाही असाच. श्रेयस तळपदे यांनी रंगवलेला मूकबधिर शेतकऱ्याचा मुलगा मुसलमान आहे, पण कथा त्याच्या गोलंदाजीची आहे. त्याच्या धर्माबद्दल कोणी भाषण करीत नाही.

सोसायटीच्या फाटकापाशी

घरोघरी संध्याकाळी पाहिली जाणारी ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही मालिका २००८ पासून चालू आहे आणि तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत. तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातील गुजराती सदरावर ती आधारलेली आहे. तिच्या गोकुलधाम सोसायटीत गुजराती, मराठी, तमिळ, शीख, पारशी अशी सर्व प्रकारची माणसे राहतात आणि प्रत्येक सण एकत्र साजरा करतात. मुलांसह निःसंकोच पाहता येईल अशी मालिका म्हणून ती घरांना प्रिय झाली, ते योग्यच आहे. विनोदी मालिकेत अतिशयोक्ती येणार, हेही मान्य केले पाहिजे. जेठालाल हासुद्धा अतिशयोक्तीच आहे.

तरी फरक दिसतो. जेठालालचे दुकान आहे, अडकलेली वसुली आहे, पगारवाढीची आठवण करून देणारे नट्टूकाका आहेत, धाक असलेले बापूजी आहेत. त्यामुळे गुजराती व्यापाऱ्यावर हसतानाही प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. अय्यर हे शास्त्रज्ञ. पण त्यांच्या वाट्याला रंगावरचे आणि उच्चारावरचे विनोद अधिक येतात. ती भूमिका करणारे तनुज महाशब्दे स्वतः तमिळ नाहीत, तेव्हा तो उच्चार हीच भूमिकेची मुख्य खूण होऊन बसते. सर्वांच्या मदतीला धावणारा अब्दुल सोसायटीजवळ दुकान चालवतो; त्याच्या घरच्या अडचणीवर कथानक उभे राहिलेले क्वचितच दिसते. एकाच मालिकेत एका पात्राचा ताळेबंद पूर्ण मांडलेला आहे आणि दुसऱ्याचे केवळ नाव.

आपल्या नावे पडलेली रक्कम

हा विषय दुसऱ्यांचा आहे, असे व्यापारी समाजाने मानू नये. मेहबूब खान यांच्या ‘औरत’ (१९४०) मध्ये आणि त्याच कथेवर पुन्हा काढलेल्या ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये कन्हैयालाल यांनीच सुखीलाला रंगवला. पाचशे रुपयांच्या कर्जावर पिकाचा तीन चतुर्थांश हिस्सा व्याज म्हणून नेणारा हा सावकार हिंदी पडद्यावरील व्यापाऱ्याचा साचा ठरला. पुढे तोच साचा काळाबाजारवाला शेठ, भेसळखोर लाला, तिजोरीला टेकून बसलेला मुनीम अशा रूपांत फिरत राहिला.

हा साचा हवेतून आला नाही, हे प्रांजळपणे म्हणावे लागेल. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, त्यांची खतेपत्रे जाळली आणि त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. दंग्यांचा रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. गुन्हा खरा होता. पण दुष्काळात गावाला धान्य पुरवणारा, पावसाळ्यापूर्वी बियाण्यासाठी उधारी देणारा, पांजरापोळ आणि धर्मशाळा बांधणारा, दिवाळे निघाले तरी बाजाराचे देणे फेडणारा व्यापारीही तितकाच खरा होता. त्याला पडद्यावर सुखीलालाइतके आयुष्य लाभले नाही.

हीच गोष्ट परदेशांतही घडली. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन व्यंगचित्र मालिकेतील अपू हा भारतीय दुकानदार १९९० पासून तेथील घराघरांत पोहोचला. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. अपूच्या उच्चारांची नक्कल करून शाळेत आपली कशी टिंगल होई, हे भारतीय वंशाच्या कलावंतांनी हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ मधील माहितीपटात सांगितले. २०२० च्या आरंभी अझारिया यांनी तो आवाज देणे थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्यांचे आप्त अमेरिकेत दुकाने आणि मोटेल चालवतात, त्यांना अपूवरचे हसणे बोचते. ते बोचणे रास्त आहे. पण तोच प्रेक्षक मास्टर पिल्लैवर आणि सरदारजीवर विचार न करता हसतो, तेव्हा तो अमेरिकन प्रेक्षकाच्या जागी बसलेला असतो.

म्हणून केवळ ‘आमच्या समाजाचे चित्रण चुकीचे झाले’ अशी तक्रार पुरेशी नाही. तक्रार सर्वांसाठी एकाच मापाने व्हायला हवी. एका समाजाचे पात्र साजूक करून घेतले आणि दुसऱ्याचे तसेच ठेवले, तर तराजू सरळ झाला असे म्हणता येत नाही.

पाहणाऱ्याचे काम

मालिका जाहिरातींवर चालतात आणि जाहिराती प्रेक्षकांसाठी असतात. त्यामुळे प्रेक्षक काय खपवून घेतो, यावर पात्रांचे स्वरूप काही अंशी ठरते. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांबरोबर मालिका पाहताना तीन साधे प्रश्न सवयीने विचारावेत. या पात्राचे काम काय आणि ते काम करताना ते दिसते काय? त्याच्या घरी कोण आहे? आणि हे पात्र काढून टाकले, तर कथा अडेल काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर ते नाव केवळ पाटीपुरते आहे, हे दहा वर्षांच्या मुलालाही उमगते. त्यासाठी मालिका बंद करण्याची किंवा निषेधपत्र लिहिण्याची गरज नाही. पाहताना ओळखता आले, तरी पुष्कळ आहे.

कारण पडद्यावरचा हिशेब पडद्यावरच राहत नाही. घर भाड्याने मागायला आलेला तरुण, दुकानात कामाला ठेवायची मुलगी, पहिल्यांदाच उधारीवर माल मागणारा अनोळखी आडनावाचा किरकोळ दुकानदार समोर उभा राहतो, तेव्हा त्याच्याविषयी घरात काय काय पाहिले गेले, त्याची सावली नकळत निर्णयावर पडते. सलीम मिर्झांना कर्ज नाकारणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी केवळ समोरच्या माणसाचे खाते उघडून पाहिले नाही. पेढीवर आलेल्या प्रत्येकाचे खाते त्याच्याच नावाने उघडायचे आणि त्याच्याच व्यवहारावरून जोखायचे, हा नियम जुन्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. तोच नियम संध्याकाळी मालिका पाहतानाही पाळता येण्याजोगा आहे.